एका गुंठ्यातल्या आठ खोल्या

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत, धायरी-नऱ्ह्याच्या बाजूला, तेवढ्या जागेवर तीन-तीन मजले चढलेले दिसतात. मजल्यावर तीन खोल्या, कडेनं अरुंद जिना, गच्चीवर काळ्या टाक्या आणि पुढच्या मजल्यासाठी उघड्या ठेवलेल्या सळया. लातूर, बीड, धाराशिवकडून पुण्यात कामाला येणारं कुटुंब पहिल्यांदा उतरतं ते अशाच ठिकाणी.

माझ्या ओळखीच्या एका काकूंची अशी इमारत आहे. एका खोलीत त्या स्वतः राहतात, आठ भाड्यानं दिल्या आहेत. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून खालचा मजला झाला, वरचे पतपेढीच्या कर्जातून. जागा गुंठेवारीतली, त्यामुळे बँकेचं गृहकर्ज मिळालं नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून साठेखतावर, नोटरीवर विकलेली ही जमीन. ती नियमित करण्यासाठी राज्यानं 2001 मध्ये कायदा केला आणि 2021 मध्ये तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू केला. तरीही अशी कितीतरी घरं अजून कागदावर अर्धवटच आहेत. असं घर कोणी ‘गुंतवणूक’ म्हणून घेणार असेल, तर त्यानं भाडं विचारण्याआधी सातबारा पाहावा.

काकूंचा दिवस पाण्यानं सुरू होतो. नळाला पाणी आलं की खालची टाकी भरायची, मग मोटर लावून वरची. “काकू, पाणी सोडलं का?” वरच्या मजल्यावरनं आवाज येतो. “पाच मिनिटं थांब गं, टाकी भरू दे,” खालून उत्तर जातं. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो आणि त्याचे पैसे त्या भाड्याखेरीज मागत नाहीत. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, शेजारचं नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्ये. जलवाहिन्या मात्र त्या वेगानं पोचल्या नाहीत. जानेवारी 2025 मध्ये गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण याच पट्ट्यात मोठ्या संख्येनं सापडले आणि संशय पाण्यावर गेला. काकू आता टाकी ठरलेल्या दिवशी रिकामी करून घासून घेतात, त्यात क्लोरिन टाकतात आणि तारीख भिंतीवर खडूनं लिहितात. भाडेकरू ती तारीख वाचतात, हे मी पाहिलं आहे.

मीटरचं प्रकरण जास्त महत्त्वाचं. पुष्कळ मालक महावितरणचं एकच कनेक्शन घेतात आणि खोल्यांना सबमीटर लावतात. घरगुती विजेचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांचे. आठ कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर जमला की तो सर्वांत महागड्या टप्प्यात जातो. तेच कुटुंब स्वतंत्र मीटरवर असतं तर बहुतेक महिने पहिल्याच टप्प्यात राहिलं असतं. म्हणजे एक बल्ब, एक पंखा आणि टीव्ही वापरणारा माणूस बंगल्याच्या दरानं वीज घेतो. काकूंनी प्रत्येक खोलीला वेगळा मीटर घेतला. खर्च झाला, पण बिलावरची दर महिन्याची भांडणं संपली.

आता हिशेब. समजा खोलीचं भाडं 6000 आहे. आठ खोल्यांचे महिन्याला 48,000. प्रत्येकी 500 वाढवले तर वर्षाला आणखी 48,000 येतील, असं कोणीही सांगेल. पण त्या वाढीमुळे आठही खोल्या एकेक महिना रिकाम्या राहिल्या, तर 52,000 जातात. वर रंग, एजंट आणि नव्या माणसाची चौकशी. या धंद्यात मिळकत टिकून राहणाऱ्या भाडेकरूत आहे, आणि भाडेकरू टिकतो तो पाणी, संडास आणि मीटर यांवर. खोलीगणिक संडास बांधायला एक खोली कमी झाली, तरी मी तेच करीन.

कागदाचं मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्षच होतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी 1000 रुपये. भाड्याची पावती देणं बंधनकारक आहे, आणि भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडणं गुन्हा आहे. तरी तोंडी बोलीवर खोल्या दिल्या जातात. मालकाला भीती असते ती पेठांतल्या जुन्या वाड्यांची. तिथं 1947 च्या कायद्यानं भाडं 1940 च्या पातळीला गोठलं, मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि आजही दर पावसाळ्यापूर्वी पालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. ही भीती खरी आहे. पण अकरा महिन्यांचा नोंदवलेला करार हेच मालकाचं संरक्षण आहे. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते, आणि ते मागायला हातात कागद लागतो.

आणखी एक गोष्ट. प्राप्तिकरात भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाची एकही पावती न दाखवता. दुरुस्ती आणि देखभालीचा विचार करून दिलेली ही सवलत पुष्कळदा पुढच्या मजल्याच्या सळयांत जाते. ती खोल्यांवरच खर्च व्हायला हवी.

म्हणून अशा खोल्या बांधायला किंवा विकत घ्यायला निघालेल्यांना विनंती आहे: चौथा मजला चढवण्याआधी वेगळे मीटर घ्या, दुसरी टाकी बसवा, करार नोंदवा, आणि दर महिन्याला सहीची पावती भाडेकरूच्या हातात द्या.