जॉन पॉल दुसरे, पोप : निधनानंतरच्या लोकप्रतिक्रिया

रोमन कॅथलिक पंथाचे पहिले पोलिश पोप जॉन पॉल दुसरे (कार्यकाल १९७८–२००५) ह्यांच्या २ एप्रिल २००५ रोजी व्हॅटिकन येथे झालेल्या निधनानंतर जगभर उमटलेले पडसाद. व्हॅटिकनच्या गणनेनुसार अंत्यदर्शनासाठी सु. ३० लाख लोक रोममध्ये आले. रांगेत सरासरी १३ तास तिष्ठावे लागे. पोलंडमधील क्रेको येथे परस्परांचे हाडवैरी असलेल्या फुटबॉल संघांचे समर्थक शोकप्रार्थनेसाठी एकत्र जमले. १९८६ मध्ये पोपनी गोवा, पुणे व मुंबई ह्यांसह भारताचा दौरा केला होता. भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला.

८ एप्रिलच्या अंत्यविधीत जमावाने ‘सान्तो सूबितो’ (तत्काळ संत घोषित करा) असा घोष केला. संतपदाची प्रक्रिया निधनानंतर पाच वर्षांनी सुरू करण्याचा नियम आहे. तत्कालीन नवे पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी मे २००५ मध्ये ही अट शिथिल केली व २०१४ मध्ये जॉन पॉल ह्यांस संतपद मिळाले. तथापि धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांस बळी पडलेल्यांनी ह्या त्वरेवर आक्षेप घेतला. अशा आरोपांची पूर्वसूचना मिळूनही जॉन पॉल ह्यांनी थीओडोर मॅकॅरिक ह्यांना वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमल्याचे व्हॅटिकनच्या २०२० मधील अहवालात नमूद झाल्यावर हा वाद पुन्हा उद्‌भवला.