कुतूहल : थरथरणारा रोहित

चेन्नईच्या पळ्ळीकरणै पाणथळीत दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून रोहित पक्षी पाहिला, की तो थरथरताना दिसतो. थरथर आपल्या हाताची असते. दुर्बीण पक्ष्याबरोबर तीही मोठी करते. प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या दुर्बिणीतले संवेदक हा कंप टिपतात आणि आतलं भिंग किंवा लोलक त्याच क्षणी उलट सरकवतात. डोक्यावर भरली कळशी घेऊन चालणारी बाई मान सावरते, तसं.

दुसरा पर्याय अंतरमापक दुर्बिणीचा. ती लेसरचा अदृश्य झोत सोडून तो परतायला लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून अंतर काढते. ३०० मीटरची ये-जा प्रकाश सेकंदाच्या सुमारे ५ लाखाव्या भागात करतो! पण हे अंतर हवं असतं मुख्यतः शिकाऱ्याला, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचा क्रमांक वाचायचा, तर स्थिर प्रतिमेचीच दुर्बीण घ्यावी. बॅटरी संपली, की मात्र ती साधी, जड दुर्बीण उरते.