घराचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते

घर बांधायला काढले की आधी चर्चा होते ती जागेची. मग पैशाची, मग दरवाजा कोणत्या दिशेला ठेवायचा ह्याची. संडासाचे पाणी कोठे सोडायचे, हे गवंडी विचारील तेव्हा पाहू, असे आपण म्हणतो. नगरपालिकेच्या कचेरीत मात्र नकाशा मंजूर होण्याआधीच हे ठरायला हवे. पेण आणि रोहा ह्या आपल्या दोन गावांच्या संदर्भात हे जरा नीट पाहू या.

पूर्वी परसात विहीर असे आणि मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. एका घराचे पाणी एक परस सहज जिरवी. आता त्याच परसाच्या जागी चार मजली इमारत उभी राहते. हिशेब करून पाहा. चोवीस बिऱ्हाडे, घरटी पाच माणसे, म्हणजे एकशेवीस माणसे. शहरी पाणीयोजनेत माणशी रोज १३५ लिटर धरतात. झाले १६,२०० लिटर. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे जवळजवळ १३ हजार लिटर. दोनशे लिटरच्या पिंपाने मोजले तर पासष्ट पिंपे, आणि तीही रोज! गुरुजींनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. मुले ते घरी जाऊन सांगतील.

बांधकामाची परवानगी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली मिळते. डिसेंबर २०२० पासून बहुतेक नगरपालिकांना एकच नियमावली लागू झाली आहे. नकाशात भिंती-खिडक्या दाखवल्या म्हणजे काम भागले, असे नाही. पाणी कोठून घेणार, नळ कसे जाणार, मैलापाणी कोठे जाणार, ह्याचाही नकाशा मागता येतो. भुयारी गटार असेल तेथे त्याला जोडावे. नसेल तेथे सेप्टिक टाकी आणि तिच्यामागे शोषखड्डा. खरी गोम ह्या शोषखड्ड्यातच आहे.

पुष्कळांची समजूत अशी, की टाकीतून बाहेर येते ते पाणी शुद्ध असते. तसे नाही. गाळ खाली बसतो, थोडा कुजतो, पण रोगजंतू पाण्याबरोबर पुढे जातात. म्हणून नियम असा, की असे पाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट, दूर हवी. राहत्या घरापासून ६ मीटर. आणि ते पाणी उघड्या गटारात किंवा ओढ्यात तसेच सोडायचे नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने शेकडो माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो ह्यांनी त्याचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत नेला. पुढे खणून पाहिले, तर शेजारच्या घराचा मैलखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता, विटा निखळलेल्या! आपल्याकडे मोजताना लोक आपलीच विहीर मोजतात. कुंपणापलीकडची शेजाऱ्याची विहीर मोजायची राहते. ती आधी मोजा.

आता आपली जमीन. पेणच्या पश्चिमेला खाडीकडे खारी पसरल्या आहेत. तेथे थोडे खणले तरी पाणी लागते. रोह्याला कुंडलिका गावाला लागूनच वाहते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी मिळत असल्याने ती उन्हाळ्यातही वाहती असते. वाहते पाणी सगळे धुऊन नेते असे वाटते खरे, पण खालच्या अंगालाही गावे आहेत. शिवाय कोकणातला पाऊस! श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात, तेव्हा शोषखड्डाही भरलेलाच असतो. मग तो शोषणार काय? जमिनीखालचे पाणी पावणेदोन मीटरच्या आसपास आले, तर शोषखड्डा कामाचा नाही. तेथे खालून वर पाणी चढवणारी खडीची गाळणी किंवा दुसरी शुद्धीकरणाची सोय करावी लागते.

जमीन किती पाणी पिते, हे पाहण्याची साधी चाचणी आहे. खड्ड्याच्या योजलेल्या खोलीपर्यंत वीतभर रुंदीचे भोक खणा, तळाशी थोडी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी खडीवर वीतभर पाणी ठेवून घड्याळ लावा. पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला तीस मिनिटांपर्यंत लागली, तर शोषखड्डा चालेल. तासाहून जास्त लागला, तर जमीन पाणी घेत नाही असे समजा. ही चाचणी लोक मे महिन्यात करतात, तेव्हा खडकही पाणी पितो! ती पावसाळ्यात करावी.

जोते बांधून झाल्यावर टाकीची जागा बदलायची, तर फरशी फोडावी लागते, आणि बहुधा कोणी फोडत नाही. म्हणून बिऱ्हाड घेणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्राबरोबर सांडपाण्याचा नकाशाही मागून घ्यावा. टाकी कोठे आहे, झाकण कोठे आहे, उपसणाऱ्या गाडीची नळी तेथवर पोचते का, हे समक्ष पाहावे. कारण टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, आणि ती यंत्रानेच उपसायची. आत साचलेला विषारी वायू क्षणात माणूस पाडतो. वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग टाकी नगरपालिकेची असो की आपल्या घरची.