रुग्णशय्येजवळचे शिक्षण
वैद्यकीय विद्यार्थ्याकडून रुग्णालयात कोणत्या अपेक्षा असतात?

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख होती. दुखणे हाताबाहेर गेले की अकोला, यवतमाळ किंवा नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरायची, हा येथील कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीमचा समावेश होता आणि येथे वर्षाला १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशास मान्यता मिळाली.

महाविद्यालय आले म्हणजे केवळ इमारत आली असे नव्हे. रुग्णाच्या खाटेभोवती आता पांढऱ्या कोटातील तरुण मुलेमुली दिसू लागतात. तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात, नाडी दोनदा पाहिली जाते. अशा वेळी नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ही मुले येथे नेमके काय करतात? त्यांच्या शिकण्याचा रुग्णाला त्रास तर होणार नाही? याचे उत्तर विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित असते हे समजून घेतल्यावरच मिळते.

ग्रंथाकडून खाटेकडे

वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन या विषयांचा पाया घातला जातो. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी आळीपाळीने निरनिराळ्या विभागांत नेमला जातो. त्यांत औषधवैद्यकशास्त्र विभागाचे स्थान मध्यवर्ती आहे. ताप, दमा, हृदयविकार, मधुमेह, अर्धांगवायू, क्षय, विषबाधा असे शस्त्रक्रियेवाचून उपचार होणारे बहुतेक प्रौढ रुग्ण याच विभागात येतात. रोगाचे निदान कसे करावे, हे विद्यार्थी प्रामुख्याने येथेच शिकतो.

खाटेजवळ उभे राहून शिकण्याची ही पद्धत जुनी आहे. आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याला जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाची जोड होती. देशात २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय पाठ आहे यापेक्षा काय करता येते, यावर त्यात भर आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि परीक्षेस बसण्यासाठी तासिकांना ७५ टक्के, तर प्रात्यक्षिक व रुग्णालयीन कामाला ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. खाटेजवळच्या हजेरीला अधिक मोल दिले आहे, ही बाब लक्षणीय होय.

पहिली अपेक्षा : ऐकून घेणे

विद्यार्थ्याचे पहिले काम रुग्णाची हकीकत घेणे हे आहे. नाव, वय, गाव व व्यवसाय, मुख्य तक्रार आणि ती किती दिवसांची, पूर्वीची दुखणी, चालू असलेली औषधे, घरातील इतरांचे आजार, व्यसने, असा तिचा क्रम असतो. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, हा नियम फार महत्त्वाचा आहे. "हातापायांत जीव नाही" असे एक रुग्ण सांगतो तेव्हा त्याचा अर्थ अशक्तपणा असू शकेल, तसेच अर्धांगवायूची सुरुवातही असू शकेल. विद्यार्थ्याने घाईने त्याचे शास्त्रीय नाव लिहून टाकले, तर पुढचा सारा विचार चुकीच्या दिशेने जातो.

ग्रामीण भागात सर्पदंश झाला असता सापाचे नाव न घेता "पान लागले" असे म्हणण्याची रीत आहे. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा शब्दप्रयोग ठाऊक नसेल तर मोलाचा वेळ वाया जाईल. वाशीमच्या रुग्णालयात वऱ्हाडी बोली ऐकू येते, तशीच बंजारा समाजाची गोरमाटीही. ही बोली कानावर येऊ देणे आणि न समजलेला शब्द संकोच न बाळगता विचारणे, हाही अभ्यासाचाच भाग आहे. व्यवसाय आणि हंगाम यांचाही हकीकतीत विचार करावा लागतो. फवारणीच्या दिवसांत आलेला शेतमजूर आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आलेला शेतमजूर यांना विचारावयाचे प्रश्न एकसारखे नसतात.

तपासणीच्या चार पायऱ्या

हकीकतीनंतर तपासणी. तिच्या चार पायऱ्या आहेत : पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकून पाहणे आणि कान देऊन ऐकणे. छातीवर बोटाने ठोकून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंप कुठवर भरले आहे ते ठोकून ओळखण्याच्या रीतीवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. छातीत पाणी साठले असेल तर त्या जागी आवाज बद्द येतो. पॅरिसमध्ये रेने लेनेक याने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला.

आता सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांसारखी साधने उपलब्ध आहेत. तरीही हातांची व कानांची ही विद्या आवश्यकच राहते. हा विद्यार्थी उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल. रुग्णाला तेथेच उपचार द्यावयाचे की तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावयाचे, हा निर्णय त्याला बहुधा याच साधनांवर घ्यावा लागेल.

जे पाहिले तेच लिहावे

राऊंडच्या वेळी विद्यार्थ्याला आपल्या रुग्णाची माहिती प्राध्यापकांपुढे थोडक्यात व क्रमाने मांडावी लागते. कालपासून काय बदल झाला, संभाव्य निदाने कोणती, त्यांपैकी एकाकडे कल का आहे, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा असते. उत्तर चुकले तर प्राध्यापक ते सुधारतात. त्यासाठीच ते तेथे असतात. परंतु न मोजलेला रक्तदाब अंदाजाने सांगणे किंवा न तपासलेले पोट 'ठीक' म्हणून लिहिणे, याला क्षमा नाही. त्या एका आकड्यावर विसंबून पुढील औषध ठरू शकते. म्हणून "मी हे पाहिलेले नाही" किंवा "मला माहीत नाही" असे स्पष्ट सांगणे हा विद्यार्थ्याचा गुणच मानला जातो. त्याचप्रमाणे रुग्णाचा श्वास वाढला, तो गुंगीत जाऊ लागला, लघवी कमी झाली, असे काही दिसल्यास राऊंडची वाट न पाहता निवासी डॉक्टरांना वा परिचारिकेला त्वरित कळविणे त्याचे कर्तव्य आहे.

रुग्णाचा मान आणि सुरक्षितता

रुग्ण हा खाटेचा क्रमांक नव्हे. विद्यार्थ्याने आपले नाव व आपण विद्यार्थी असल्याचे सांगावे, परवानगी घ्यावी, पडदा ओढावा आणि मगच तपासणी करावी. स्त्री रुग्णाची तपासणी करताना दुसरी स्त्री उपस्थित असावी. विद्यार्थ्याकडून तपासून घेण्यास नकार देण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि त्या कारणाने त्याच्या उपचारात कोणतीही उणीव येता कामा नये. विद्यार्थी स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देऊ शकत नाही. उपचाराची जबाबदारी नोंदणीकृत डॉक्टरांचीच असते. रुग्णाची माहिती वॉर्डाबाहेर जाऊ नये, त्याचे छायाचित्र काढून मोबाईलवरून पाठवू नये, हे बंधनही तितकेच कडक आहे. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते, ते याचसाठी.

प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर हात धुणे ही साधी गोष्ट वाटते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस याने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. शिकणाऱ्याचे हातच रोग वाहून नेत होते, हा त्यातील धडा आहे. विद्यार्थ्याने स्वतःलाही जपावयाचे असते. हिपॅटायटिस बी ची लस घेणे आणि सुई टोचल्यास ते न लपविता लगेच सांगणे आवश्यक आहे. कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

जिल्ह्याचे आजार, जिल्ह्याचे शिक्षण

या भागातील शेतीप्रधान जीवनाचे प्रतिबिंब वॉर्डात उमटते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा रुग्णाच्या पापण्यांकडे लक्ष गेले नाही तर पोटदुखीचे औषध देऊन त्याला घरी पाठविण्याचा धोका असतो. घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवायची. रक्त गोठले नाही तर या विषाची शंका बळावते. ही चाचणी विद्यार्थीही देखरेखीखाली करू शकतो. मात्र मण्यार वा नागाच्या दंशात रक्त नेहमीप्रमाणे गोठते. तेव्हा रक्त गोठले म्हणून धोका टळला असे मानता येत नाही, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छाती घरघरते. रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबणपाण्याने धुणे हे उपचाराचे पहिले पाऊल आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भातील काही समाजांत आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. वारंवार सांधे दुखणारा तरुण समोर आला तर त्याच्या भावंडांचीही चौकशी करणे विद्यार्थ्याकडून अपेक्षित असते.

वॉर्डातील शिक्षणाला गावातील शिक्षणाची जोड हवी. वर्धा जिल्ह्यात डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तेथील विद्यार्थ्यांनी गावात शिबिरासाठी राहून कुटुंबांचा अभ्यास करण्याची परंपरा चालत आलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला. पुढे आंतरवासितेच्या वर्षात सहा आठवडे औषधवैद्यकशास्त्र विभागात, तर बारा आठवडे सामुदायिक आरोग्याच्या कामात द्यावे लागतात.

गावाचा वाटा

या शिक्षणात गावकऱ्यांनाही करण्याजोगे बरेच आहे. रुग्णाला पाठविताना जुने केसपेपर, औषधांची पाकिटे, फवारलेल्या औषधाचा डबा किंवा निदान त्याचे नाव सोबत द्यावे. दंशाची वेळ लिहून ठेवावी. वारंवार आजारी पडून गैरहजर राहणाऱ्या मुलाची तपासणी करून घेण्याविषयी शिक्षकांनी पालकांना सुचवावे. दत्तक कुटुंबांच्या भेटीस विद्यार्थी येतील तेव्हा सरपंच, सदस्य व आशा कार्यकर्तीने त्यांना गावाची ओळख करून द्यावी. विद्यार्थ्याच्या वागण्यात मर्यादाभंग दिसला, तर तो अधिष्ठात्यांच्या निदर्शनास आणून देण्यासही संकोचू नये.

वाशीमच्या खाटेजवळ हकीकत ऐकण्याची सवय ज्याला लागेल, तोच उद्या मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या आरोग्य केंद्रात बसेल अशी आशा जिल्ह्याने बाळगावी. रुग्णाने आपले दुखणे विश्वासाने सांगावे आणि विद्यार्थ्याने त्या विश्वासाला जागावे, यावरच नव्या महाविद्यालयाचे यश अवलंबून राहील.