डोकेदुखीचे दिवस आणि गोळीचे दिवस

अर्धशिशी हा शब्द आपल्याला ठाऊक असतो, पण आपल्या घरांतून तो फारसा कुणी वापरत नसे. आपल्याकडे ‘पित्त’ उठत असे. आईचे पित्त उठले की ती खोलीत अंधार करून, कपाळाला पट्टी आवळून पडून राही. एकदा उलटी झाली की ‘मोकळे वाटले’ म्हणत पुन्हा स्वयंपाकाला लागे. इथे अमेरिकेत मुलाला डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे नेले की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, ‘घरात कुणाला मायग्रेन आहे का?’ आणि आपण दोघेही अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून सांगतो.

डोके ठणकणे, मळमळणे, उजेड आणि आवाज नकोसा होणे, उलटीनंतर किंवा झोपेनंतर उतार पडणे, ही मायग्रेनची अगदी पुस्तकात दिलेली लक्षणे आहेत. प्रत्येक पित्त म्हणजे मायग्रेन असे मुळीच नाही. पण मायग्रेन घराण्यातून येतो, आणि डॉक्टरला निदानासाठी ही माहिती फार उपयोगी पडते. म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी भारतात एक फोन करावा. आजीला, मावशीला, आत्याला विचारावे. पुष्कळदा ‘अगं, मला तर शाळेत असल्यापासून व्हायचं’ असे उत्तर मिळते.

मुलांचा मायग्रेन ओळखताना आपली गफलत होते, कारण तो मोठ्यांसारखा असेलच असे नाही. नाव अर्धशिशी असले तरी मुलांचे डोके बहुधा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखते. मोठ्यांचा झटका निदान चार तास चालतो, मुलांचा दोन तासांतही संपू शकतो. सकाळी शाळेला जाता येत नव्हते आणि संध्याकाळी हाच मुलगा बास्केटबॉल खेळतोय, हे पाहून बाबांचा पारा चढतो. पण झटका ओसरल्यावर पूर्ण बरे वाटणे हे याच दुखण्याचे लक्षण आहे, लबाडीचे नव्हे. डोके सोमवारी सकाळीच का दुखते? शनिवार-रविवारी दुपारी बारापर्यंत झोपलेल्या मुलाला सोमवारी सहाला उठवले की मेंदूला ते मानवत नाही. परीक्षेच्या ताणानेही झटका येतो. ताणाने आला म्हणून तो खोटा ठरत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. क्षणात टोकाला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. तापाबरोबर मान आखडणे. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे. एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाची दोन दिसणे. झोपेतून जाग आणणारी किंवा आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, विशेषतः पहाटेच्या उलट्यांसह. किंवा काही आठवडे सतत वाढतच जाणारी. यांत तातडीने डॉक्टर गाठावा, पहिल्या चारपैकी काही असेल तर सरळ इमर्जन्सीत जावे. असे काही नसेल आणि डॉक्टरांची तपासणी व्यवस्थित असेल, तर ‘एकदा एमआरआय करूनच टाका’ असा आग्रह आपण धरू नये. त्यातून बहुधा बिलाखेरीज काही निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. डोके महिन्यातून एकदा दुखत असेल तर गोळी द्या, झोपवा, विषय संपला. पण आठवड्यातून दोनदा-तीनदा दुखू लागले की गोळीच दुखण्याचा भाग होऊन बसू शकते. आपल्याला वाटते, आयब्युप्रोफेन तर कॉस्टकोत पाचशेच्या बाटलीत मिळते, त्याने काय होणार? पण आयब्युप्रोफेन किंवा टायलेनॉलसारखी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टन गटातली किंवा कॅफीन घातलेली मिश्र औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर त्या औषधांमुळेच डोके दुखू लागण्याचा धोका असतो. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. यात कुणाची चूक नसते. मूल दुखतेय म्हणून गोळी घेते, आणि आपणही ते बघवत नाही म्हणून देतो. पण हे चक्र लक्षात यायला कुणीतरी मोजत असावे लागते.

यासाठी कुठल्याही ॲपची गरज नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असतेच. ज्या दिवशी डोके दुखले त्या चौकोनात एक फुली, ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवशी एक गोल. खूण मुलाने स्वतः करावी, आपण नव्हे. महिनाअखेर फुल्या आणि गोल वेगवेगळे मोजावे. साध्या गोळीचे दिवस आठवड्याला तीनच्या वर आणि ट्रिप्टनचे दोनच्या वर जात असतील, तर ते पान फोटो काढून डॉक्टरला दाखवावे. मुलींनी पाळीचे दिवसही लिहून ठेवावेत. झटके त्याच सुमारास येत असतील तर उपचार त्याप्रमाणे आखता येतो. रात्रीची झोप किती, सकाळचे खाणे झाले का, एवढे दोन शब्द शेजारी लिहिले तर उत्तम. याहून जास्त तपशील मागितला तर पंधरा वर्षांचे मूल चौथ्या दिवशी वही फेकून देते.

याची दुसरी बाजू अशी, की ज्या दिवशी गोळी द्यायची त्या दिवशी ती वेळेवर आणि पुरेशी द्यावी. ‘बघू या, थांबते का’ म्हणून दोन तास काढले की पोट मंदावते, मळमळ सुरू होते आणि मग गोळी अंगी लागत नाही. मुलांमध्ये आयब्युप्रोफेनची मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅमची एकच गोळी अपुरी पडते. आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरकडून लिहूनच घ्यावी. पोटाचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तेही तेव्हाच सांगावे.

साध्या गोळीने भागत नसेल तर ट्रिप्टन आहेत. रिझाट्रिप्टनला ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी एफडीएची मान्यता २०११ मध्ये मिळाली, झोल्मिट्रिप्टनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला १२ वर्षांपुढे २०१५ मध्ये. उलट्या होणाऱ्या मुलाला फवारा किंवा जिभेवर विरघळणारी गोळी सोयीची पडते.

आणि भारतातून आणलेला औषधांचा डबा! तो एकदा टेबलावर ओतून पाहावा. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि इथले टायलेनॉल म्हणजेही तेच. नाव वेगळे म्हणून दोन्ही दिली तर मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा पोचू शकते. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. फ्लू किंवा कांजिण्यांसारखा विषाणूंचा आजार असताना मुलांना ॲस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोम हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो. इथल्या एक्सेड्रिन मायग्रेनमध्येही ॲस्पिरिन आणि कॅफीन असते, तेव्हा तेही मुलांना परस्पर देऊ नये. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल आणि कॅफीनच्या जोडीला प्रॉपिफेनाझोन नावाचे औषध असते, जे अमेरिकेत विकले जात नाही. इथला डॉक्टर त्याबद्दल आपणहून विचारणारच नाही. मुलाला आजीने सॅरिडॉन दिली असेल तर ते आपणच सांगायला हवे. बामाला मात्र हरकत नाही, वास सहन होत असेल तर. काही मुलांना वासानेच जास्त त्रास होतो, आणि उदबत्तीचेही तसेच.

महिन्यातून बरेच दिवस दुखत असेल तर रोज घ्यायचे प्रतिबंधक औषध डॉक्टर सुचवतात. इथे पालकांनी एक अभ्यास माहीत करून घ्यावा. ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ साली छापून आलेल्या चॅम्प या चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट आणि औषधाविना नुसती गोळी यांची तुलना केली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के निघाले. खऱ्या औषधांचे दुष्परिणाम जास्त होते, आणि ती नुसत्या गोळीहून सरस ठरण्याची शक्यता दिसेना म्हणून चाचणी आधीच थांबवली गेली. याचा अर्थ मुलांचे दुखणे खोटे होते, असा कुणी काढू नये. मला यातून एवढेच दिसते, की नियमित तपासणी, नोंदी आणि आपल्याकडे कुणी गांभीर्याने लक्ष देतेय ही भावना, यांनी निम्म्याहून जास्त मुलांना उतार पडला. त्याआधी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात जुनाट मायग्रेनच्या १३५ मुलांना ॲमिट्रिप्टिलिन दिले. निम्म्यांना जोडीला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी आणि निम्म्यांना डोकेदुखीविषयी नुसती माहिती. थेरपीच्या गटात ६६ टक्के मुलांचे दिवस निम्म्यावर आले, दुसऱ्या गटात ३६ टक्के.

तरीही ‘थेरपिस्ट’ म्हटले की आपल्या घरात शांतता पसरते. ‘तिला काय वेड लागलंय?’ या थेरपीत स्नायू सैल सोडणे, श्वास, झटका येताना घाबरून न जाणे आणि दिवस कसा आखावा, हे शिकवतात. मुलांना योगासने शिकवण्याची आपल्याला हौस असते. हे त्याहून फार निराळे नाही. औषधांतही भर पडते आहे: महिन्यातून एकदा टोचायचे फ्रेमानेझुमॅब हे इंजेक्शन २०२५ मध्ये ६ ते १७ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या मुलांसाठी मान्य झाले.

रोजच्या वागण्याबद्दल थोडक्यात. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आपल्या मुलांचे वेळापत्रक पाहिले तर शाळा, तबला, कुमॉन, एसएटीचा क्लास आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम यांत ती बसतच नाही. यातले एक काहीतरी काढावे लागेल, आणि ते झोप नसावे. ढोल-ताशाच्या सरावात मायग्रेनवाल्या मुलाला कानात बोळे घालू द्यावेत. सकाळी काहीतरी खाऊनच बाहेर पडावे. नवरात्राचे किंवा एकादशीचे उपवास या मुलांना लावू नयेत. रिकामे पोट हे झटक्याचे अगदी ओळखीचे कारण आहे. अर्धशिशीवर पहाटे गरम दूध-जिलबी खायला घालत, त्याचे मर्म कदाचित एवढेच असेल की पोट रिकामे राहत नसे. चहा-कॉफी रोज नको.

मुलींच्या बाबतीत आणखी एक, लाजून टाळण्यासारखे नाही. पाळीच्या त्रासासाठी इथे गर्भनिरोधक गोळ्या सहज दिल्या जातात. डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, चमचमणारे ठिपके दिसत असतील तर त्याला ऑरा म्हणतात. अशा मुलींना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरला ऑराबद्दल सांगितलेच पाहिजे.

शाळेत बुडालेल्या दिवसांची नुसती चिठ्ठी देत राहू नये. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या ५०४ व्या कलमाखाली सरकारी शाळेकडून लेखी योजना मागता येते. पाण्याची बाटली वर्गात नेणे, न विचारता नर्सकडे जाणे, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडणे, बुडलेली परीक्षा पुन्हा देणे, हे सारे त्यात लिहून मिळू शकते. ‘मुलाच्या रेकॉर्डवर शिक्का बसेल’ ही भीती आपल्या लोकांत फार आहे. ही योजना कॉलेजच्या अर्जाबरोबर जात नाही. एसएटीत जादा वेळ किंवा विश्रांती हवी असेल तर कॉलेज बोर्डाकडे वेगळा अर्ज लागतो, आणि निर्णयाला सात आठवडेही लागू शकतात. शाळेत औषध ठेवायला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म हवा. फार्मसिस्टला सांगितले तर तो शाळेसाठी लेबल लावलेली दुसरी बाटली देतो.

पैशाच्या बाजूने तीन-चार गोष्टी. सुमाट्रिप्टन आणि रिझाट्रिप्टन जेनेरिक मिळतात, ब्रँडचा हट्ट नको. बऱ्याच विमा योजना महिन्याला नऊच्या आसपासच गोळ्या देतात; त्यावर चिडण्यापूर्वी वरचा दहा दिवसांचा हिशेब आठवावा. नव्या महाग औषधांना आधी मंजुरी लागते, आणि जुनी औषधे वापरून पाहिल्याचा पुरावा मागतात. कालनिर्णयाची ती पाने इथेही कामाला येतात. एमआरआय खरोखर लागलाच तर हॉस्पिटलऐवजी स्वतंत्र इमेजिंग सेंटरचा दर विचारावा, फरक पुष्कळ असतो. २०२० च्या केअर्स ॲक्टपासून साध्या दुकानातल्या वेदनाशामकांचा खर्चही प्रिस्क्रिप्शनशिवाय एफएसए किंवा एचएसएमधून करता येतो. पावत्या जपून ठेवाव्यात.

मूल आपल्या विम्यावर २६ व्या वाढदिवसापर्यंत राहू शकते, पण १८ पूर्ण झाले की डॉक्टर आपल्याशी त्याच्या परवानगीशिवाय बोलणार नाही. डॉर्ममध्ये सामान हलवण्यापूर्वी तो परवानगीचा फॉर्म मुलाकडून सही करून घ्यावा, नव्या गावातल्या फार्मसीकडे प्रिस्क्रिप्शन वळवावे, आणि कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसकडे नव्याने अर्ज करायला लावावे, कारण शाळेची योजना तिथे आपोआप लागू होत नाही. बॅगेत पुढच्या वर्षीचे कालनिर्णयही टाकावे.