ग्रंथालयशास्त्राच्या विद्यालयांचें मान्यता-परीक्षण व त्याची पूर्वतयारी

कांहीं दिवसांपूर्वीं एका ग्रंथसंग्रहांत मुहूर्तचिंतामणीची एक हस्तलिखित प्रत पाहण्याचा योग आम्हांस आला. संग्रहाचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. पोथीच्या पुष्पिकेंत शके १६९०, सर्वधारी संवत्सर, असा लेखनकाल सुवाच्य अक्षरांत दिलेला होता. पोथीबरोबरच्या सूचिपत्रकावर मात्र तो 'इ. स. १६९०' असा नोंदलेला आढळला. शके १६९० म्हणजे इ. स. १७६८-६९. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत लिहिलेली ही प्रत त्या पत्रकानें अठ्ठ्याहत्तर वर्षें मागें नेऊन राजाराममहाराज जिंजीस होते त्या काळांत बसविली. इ. स. १६९० शीं जुळणाऱ्या शके १६१२ चा संवत्सर प्रमोद होय; तेव्हां पुष्पिकेंतील सर्वधारी हें नांव पंचांगाशीं ताडून पाहिलें असतें तरी चूक तत्काळ उघडी पडती.

पत्रक लिहिणारा तरुण ग्रंथालयशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर, तोही प्रथम श्रेणींतला, आणि स्वभावानें नम्र. आम्हीं चूक दाखवितांच तो म्हणाला, "सर, शक आणि सन यांतला फरक आम्हांला कोणीं शिकविलाच नाहीं. रकान्यांत 'वर्ष' एवढेंच होतें." त्याचें म्हणणें खरें होतें, व त्याला दोष देण्यांत अर्थ नव्हता. परंतु तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. ज्या विद्यालयानें याला पदवी दिली त्या विद्यालयाची परीक्षा कोण घेतो, आणि ती कशाच्या आधारें? ग्रंथपालांच्या व्यवसायानेंच आपल्या विद्यालयांची अशी परीक्षा घेण्याची पद्धति अमेरिकेंत शंभर वर्षें चालू आहे. तिचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पोथ्यांच्या संग्राहकांस हा विषय परका वाटूं नये. आपले रुमाल आपल्यामागें ज्यांच्या हातीं जाणार, त्यांच्या शिक्षणाचा हा प्रश्न आहे.

मेल्विल ड्यूई यानें न्यूयॉर्क येथील कोलंबिया कॉलेजांत जानेवारी १८८७ मध्यें ग्रंथालयविद्येचें पहिलें विद्यालय उघडलें. पहिल्या वर्गांत वीस विद्यार्थी होते, त्यांपैकीं सतरा स्त्रिया. स्त्रियांच्या प्रवेशावरून विश्वस्तांशीं वितुष्ट आलें व १८८९ सालीं विद्यालयास ऑल्बनीस जावें लागलें. पुढें ठिकठिकाणीं अशीं विद्यालयें निघालीं. प्रत्येकाचें माप निराळें. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या सांगण्यावरून चार्ल्स विल्यमसन यानें पंधरा विद्यालयांची पाहणी केली. त्याचा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथपालाचें विद्वत्तेचें काम व कारकुनी काम यांचा शिक्षणांत घोटाळा झाला आहे, हें शिक्षण विद्यापीठांत व पदवीनंतर दिलें पाहिजे, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. लगोलग १९२४ सालीं अमेरिकन लायब्ररी असोसिएशननें शिक्षणमंडळ नेमलें आणि १९२५ सालीं किमान मानकें ठरविलीं. १९५१ च्या मानकांनीं पदव्युत्तर पदवी ही व्यवसायाची पायरी ठरविली; १९५६ पासून हें काम त्या संघाची मान्यता-समिति पाहते. गमतीची गोष्ट अशी कीं कोलंबियांत १९२६ सालीं विद्यालय पुनः स्थापन झालें तेव्हां त्याची धुरा दोष काढणाऱ्या विल्यमसनच्याच खांद्यावर आली.

येथें 'मान्यता' म्हणजे विद्यापीठाची मान्यता नव्हे. ती एका विशिष्ट पदव्युत्तर अभ्यासक्रमाची असते. ती मागावी असें कायद्याचें बंधन नाहीं. तथापि नोकरीच्या जाहिरातींत मान्य अभ्यासक्रमाची पदवी वारंवार मागितली जाते, म्हणून तिजवांचून विद्यालयाचें चालणें कठीण. मानकांचीं प्रकरणें पांच आहेत: योजनाबद्ध नियोजन, अभ्यासक्रम, अध्यापक, विद्यार्थी, आणि प्रशासन, द्रव्यबळ व साधनें. पूर्वीं हीं सहा होतीं. जागा व साधनसामग्री यांचें निराळें प्रकरण २०१५ सालीं प्रशासनांत विलीन झालें. मानकांची अलीकडील सुधारणा २०२३ सालची आहे. अमुक इतके ग्रंथ, अमुक इतके अध्यापक, अशी संख्या या मानकांत सांपडत नाहीं. विद्यालयानें आपलें ध्येय स्वतः सांगावें आणि तें साधलें आहे हें सप्रमाण दाखवावें, एवढीच अपेक्षा असते. वाचतांना हें सोपें वाटतें. संख्या मागितली असती तर तें खरोखरच सोपें झालें असतें!

परीक्षण साधारणपणें सात वर्षांनीं येतें. सुमारें एक वर्ष आधीं विद्यालय आत्मपरीक्षणाची योजना समितीकडे पाठवितें. नंतर अहवालाचा कच्चा मसुदा परीक्षकमंडळ पाहून शंका कळवितें. आणि भेटीच्या कांहीं आठवडे आधीं पक्का अहवाल हातीं पडावा लागतो. या अहवालांतच तयारीचा सर्व जीव आहे.

आमच्या वाचकांस त्याचें स्वरूप एका परिचित उदाहरणानें समजेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पाहावी. वर संपादकानें निश्चित केलेला पाठ, खालीं कोणत्या प्रतींत काय आहे त्याची नोंद. संपादकाचा निर्णय न पटला तर वाचकानें खालची नोंद पाहून स्वतः निवाडा करावा. आत्मपरीक्षणाचा अहवाल असाच असावा लागतो. वर विधान, खालीं पुरावा. केवळ विधान म्हणजे शब्दप्रमाण, आणि तें येथें चालत नाहीं. कारण बोलणारा आप्त असला तरी तो स्वतःच्याच पक्षाचा साक्षीदार आहे.

समजा, आमचे विद्यार्थी हस्तलिखितांचें वर्णन करूं शकतात, असें एका विद्यालयानें लिहिलें. नवशिके विद्यालय पुरावा म्हणून अभ्यासक्रमाचें पत्रक जोडील. परंतु त्यावरून विषय नेमलेला होता एवढेंच सिद्ध होतें. परीक्षेचे गुण जोडले तर प्रश्न सोडविले गेले एवढें सिद्ध होतें. खरा पुरावा म्हणजे विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष पानांवरून केलेलीं वर्णनपत्रकें, तीं कोणत्या निकषांवर तपासलीं त्याची नोंद, आणि किती जणांस कालनिर्णय साधला, किती जणांस नाहीं, याचा हिशेब. तोही पुरेसा नाहीं. पुष्कळांस साधला नाहीं असें दिसल्यावर अध्यापकांच्या सभेंत काय ठरलें, पुढील वर्षीं शिकविण्यांत कोणता फेर केला, आणि त्या फेरानंतर पत्रकें सुधारलीं कीं नाहीं, हेंही दाखवावें लागतें. तेव्हां कोठें वर्तुळ पुरें होतें. असा पुरावा परीक्षणाच्या वर्षीं निर्माण करतां येत नाहीं. सभेचें इतिवृत्त त्या वेळींच लिहिलेलें पाहिजे. मागाहून लिहिलेलें इतिवृत्त आणि मागाहून बनविलेली सनद यांची जात एकच.

दुसरी अडचण मेळाची. पांच प्रकरणें पांच जणांनीं लिहिलीं कीं तिसऱ्या प्रकरणांत अध्यापक बारा आणि पांचव्यांत पंधरा निघतात. दोघेही खोटें लिहीत नसतात. एकानें अर्धवेळ अध्यापक गणले, दुसऱ्यानें नाहीं, किंवा एकानें जूनची यादी घेतली व दुसऱ्यानें डिसेंबरची. बखर व शकावली यांच्या तिथी जुळवितांना आपणही याच फेऱ्यांत सांपडतों. उपाय साधा आहे: गणनेची एक तारीख व एक व्याख्या आरंभींच ठरवावी आणि शेवटीं सर्व अहवाल एकाच हातानें नजरेखालून घालावा. स्वतःचे दोष स्वतःच लिहावे, हेंही येथें व्यवहाराचेंच शहाणपण आहे. अहवालांत नसलेला दोष परीक्षकांस सांपडला, तर विद्यालयास तो ठाऊकच नव्हता किंवा त्यानें तो दडविला, असे दोनच तर्क उरतात. आणि पहिलाही कांहीं भूषणावह नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस आमच्या शाळातपासणीचे दिवस आठवतात. आम्ही शिकवीत होतों त्या एका शाळेंत तपासणीच्या आदल्या दिवशीं भिंतींना चुना लागे, प्रयोगशाळेचें कुलूप निघे, आणि हुशार मुलें पुढल्या बांकावर येत. अधिकारीही तीच मुलें उभीं करीत. आम्हीही त्या नाटकांत पात्र होतों, हें कबूल करणें प्राप्त आहे. अमेरिकेंतील भेटीची रचना अशा नाटकास पुरती वाव देत नाहीं. परीक्षकमंडळांत अध्यापक असतात तसे व्यवसायांतील ग्रंथपालही असतात. ते विद्यार्थ्यांस अध्यापकांच्या गैरहजेरींत भेटतात, जुन्या विद्यार्थ्यांस व त्यांस नोकरी देणाऱ्यांस विचारतात, आणि दूरस्थ शिक्षण घेणाऱ्यांशीं दूरदृश्य यंत्रावर बोलतात. आणखी एक विशेष असा कीं हें मंडळ निकाल देत नाहीं. पाहिलेलें लिहिणें एवढेंच त्याचें काम. विद्यालयाचें उत्तर मागवून निर्णय समिति करते. मान्यता चालू राहते, सशर्त होते, किंवा काढून घेतली जाते.

मान्यता हें कवच नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या कोलंबियांत हें शिक्षण जन्मास आलें तेथील विद्यालय विद्यापीठानेंच १९९२ सालीं बंद केलें. शिकागोचें नामांकित विद्यालयही त्याच्या थोडेंच आधीं गेलें होतें. विद्यालयाची आपल्या विद्यापीठाशीं असलेली गांठ कोणतीही बाहेरची समिति बांधूं शकत नाहीं.

आपल्याकडे या शिक्षणाचा आरंभ अमेरिकेच्याच धाग्यानें झाला. सयाजीराव महाराजांनीं न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस १९१० सालीं बडोद्यास आणलें. त्यांनीं १९११ सालीं ग्रंथपालांचा वर्ग काढला, आणि १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हें त्रैमासिक इंग्रजी, गुजराथी व मराठी अशा तीन भाषांत निघूं लागलें. त्याच बडोद्यांत पोथ्यांचा संग्रह वाढत होता व १९१६ सालीं काव्यमीमांसेनें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. ग्रंथपालाचें शिक्षण आणि पोथीची विद्या एकाच राज्यांत, एकाच राजाच्या आश्रयानें शेजारीं नांदत होतीं. पुढें दोहोंची फारकत झाली, व आमच्या त्या तरुणाच्या पत्रकांत तिचें फळ उतरलें.

आज भारतांत १९९४ सालीं स्थापन झालेली 'नॅक' ही परिषद महाविद्यालयें व विद्यापीठें यांचें मूल्यांकन करते. तिलाही आत्मपरीक्षणाचा अहवाल द्यावा लागतो, म्हणून वर सांगितलेली तयारी तेथेंही तशीच उपयोगी पडेल. परंतु तें मूल्यांकन समग्र संस्थेचें असतें. ग्रंथालयशास्त्राचा विभाग त्यांत अनेकांतला एक, आणि त्याच्या पदवीधरास पुष्पिका वाचतां येते कीं नाहीं हें विचारणारा तेथें कोणी नसतो. तो विचारण्याचा अधिकार आपला आहे असें आम्हांस वाटतें. विद्यालयें माजी विद्यार्थी व ग्रंथसंग्रह यांजकडे मताचीं प्रश्नपत्रकें पाठवितात. असें एक पत्रक आमच्या संग्रहासाठीं आम्हांकडे आलें असतां आम्हीं तें रद्दींत टाकिलें होतें. तें भरून, सोबत दहा-वीस पुष्पिकांचीं छायाचित्रें जोडून, यांवरून आपल्या विद्यार्थ्यांकडून शक, संवत्सर, लेखक, स्थळ व पत्रसंख्या लिहवून घ्यावी आणि तीं वर्णनें आम्हांकडे तपासावयास पाठवावीं, असें कळविलें असतें, तर विद्यालयास पुरावा मिळाला असता व आम्हांस ग्रंथपाल.

त्या तरुणानें आपल्या पत्रकावर शक, संवत्, सन व संवत्सर असे चार रकाने आतां आंखले आहेत. मुहूर्तचिंतामणीचें पत्रक दुरुस्त झालें. त्याच्याच हातचीं आणखी शंभराहून अधिक पत्रकें त्या संग्रहांत आहेत. तीं आम्ही दोघे मिळून दर शनिवारीं पंचांग घेऊन तपासीत आहों. आजवर अठ्ठावीस झालीं, त्यांपैकीं नऊ चुकलेलीं निघालीं.