सन्स ऑफ हवाई : शोधून काढलेली परंपरा

१९६० साली होनोलुलूच्या सँड आयलंड रस्त्यावर, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या वस्तीत, 'सँडबॉक्स' नावाच्या बारमध्ये चार वादक वाजवू लागले. युकुलेलेवर एडी कामाए, गिटारवर आणि मुख्य गळ्यात गॅबी पहिनुई, बासवर जो मार्शल आणि स्टील गिटारवर डेव्हिड रॉजर्स, ज्याला सगळे 'फीट' म्हणत. 'सन्स ऑफ हवाई' या नावाने ही चौकडी ओळखली गेली आणि पुढे हवाईतल्या पारंपरिक संगीताचे प्रमाण म्हणून तिचे नाव घेतले जाऊ लागले. या 'पारंपरिक' विशेषणाविषयी मात्र थोडे थांबून विचार करायला हवा. यांतल्या कोणालाही ती परंपरा आयती, अखंड अशी मिळालेली नव्हती. ती त्यांनी हुडकली, तपासून घेतली आणि जिथे उणी होती तिथे नव्याने रचली. त्यांच्या कारकिर्दीचे मोल या कष्टात आहे, आवाजाच्या जुनेपणात नाही.

आधी काळ पाहू. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवले गेले. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. दोन पिढ्यांत हवाईयन भाषा घराघरांतून मागे हटली. नातवंडांना आजीची गाणी ऐकू येत, पण कळत नसत. निइहाउसारख्या खासगी मालकीच्या, बाहेरच्यांना जवळपास बंद असलेल्या बेटावर तेवढी ती रोजच्या बोलण्यात टिकली. ऑगस्ट १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्याच सुमारास जेट विमाने सुरू झाली. त्या वर्षी सुमारे अडीच लाख असलेले पर्यटक १९७० पर्यंत सतरा लाखांवर गेले. या पाहुण्यांसाठी वाइकिकीच्या हॉटेलांत जे संगीत वाजे, त्याचा साचा १९३५ पासून 'हवाई कॉल्स' या रेडिओ कार्यक्रमाने जगभर पोचवला होता: इंग्रजी शब्द, मधाळ स्टील गिटार, लाटांचा आवाज. ते संगीत सगळेच टाकाऊ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, त्यात उत्तम वादक होते. पण ते ऐकणारा माणूस बेटावरचा नव्हता.

कामाए स्वतः या संगीताकडे पाठ फिरवून बसला होता, हे विसरून चालत नाही. १९२७ मध्ये होनोलुलूत जन्मलेल्या या कलावंताने युकुलेलेच्या चारही तारा एकाच वेळी छेडून सूर आणि स्वरसंगती दोन्ही काढायची रीत बसवली होती. शोई इकेमीबरोबर 'युकुलेले रास्कल्स' या जोडीत तो लॅटिन, जॅझ आणि पाश्चात्य अभिजात रचना वाजवी. हवाईयन गाणी त्याला फार सोपी, दोन-तीन स्वरसंगतींत संपणारी वाटत. १९५९ च्या सुमारास वाइमानालो गावी गॅबीच्या घरी बसून वाजवताना त्याचे मत पालटले. गॅबी तेव्हा रस्तेदुरुस्तीच्या कामावर पोट भरत होता. १९४० च्या दशकात त्याने गायलेल्या 'हिइलावे'ची ध्वनिमुद्रिका आजही तारा सैल करून वाजवायच्या हवाईयन गिटारशैलीचा आरंभबिंदू मानली जाते. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण त्याच्या वाजवण्यात जी सहजता होती ती कामाएच्या तालमीत नव्हती. सन्सचा बाज या दोन स्वभावांच्या भेटीतून झाला: एकाकडे घडण, दुसऱ्याकडे ओघ. त्यात फीटची स्टील गिटार अशी की दोन स्वरांमधल्या जागेत ती जास्त बोले. मार्शलचा बास या सगळ्यांना जमिनीवर ठेवी.

इथेच पहिला आक्षेप येतो. यात हवाईयन काय? युकुलेलेचे पूर्वज १८७९ मध्ये मदेराहून 'रेव्हन्सक्रॅग' जहाजाने आलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर उतरले. गिटार मेक्सिकोहून आलेल्या गुराख्यांमुळे बेटांवर रुजली. बास तर सरळ युरोपचा. आक्षेप तथ्याला धरून आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. पेटी फ्रान्समधून आली म्हणून नाट्यसंगीत परके ठरत नाही, आणि गोविंदराव टेंब्यांच्या पेटीला कोणी पासपोर्ट विचारला नाही. उलट तारेवर पोलादी तुकडा सरकवून वाजवायची युक्ती जोसेफ केकुकू या हवाईयन मुलाशी जोडली जाते, आणि तीच पुढे भारतात येऊन हिंदी चित्रपटगीतांत आणि ब्रिजभूषण काब्रांच्या रागदारीत शिरली. साधन कुठून आले यावरून परंपरा ठरत नाही. त्या साधनावर काय गायले जाते, आणि गाणारा कोणाला जबाबदार आहे, यावरून ठरते.

जबाबदारीचा हा मुद्दा सन्सच्या बाबतीत नुसता शब्द नाही. हवाईयन शब्दांवर आपली पकड कमी आहे हे कामाएला जाणवत होते. तो मेरी कावेना पुकुई यांच्याकडे गेला. १९५७ च्या हवाईयन शब्दकोशाच्या त्या सहलेखिका, बिशप संग्रहालयात आयुष्य घालवलेल्या विदुषी. त्यांनी त्याला जुनी गाणी, त्यांचे पाठ आणि त्यामागचे संदर्भ दिले; दोघांनी मिळून 'के आला आ का जीप'सारखे नवे गीतही केले, ज्यात कामाएच्या जीपमधली भ्रमंती आहे. पिलाही पाकी या दुसऱ्या जाणकार बाईंनीही त्याला शिकवले. मग तो हवाई बेटावरच्या वाइपिओ दरीत सॅम लिआकडे पोचला. १८८१ मध्ये जन्मलेला हा वृद्ध कवी-वादक आपल्या माणसांसाठी आणि आपल्या दरीसाठी गाणी रची. गॅबीच्या 'हिइलावे'तला धबधबा याच दरीतला. लिआ १९७५ मध्ये वारला. पुस्तकात छापलेले गाणे उचलून गाणे आणि ज्याच्या दरीचे ते आहे त्याच्या पायाशी बसून ते ऐकणे, यांत अंतर आहे. पहिल्यात चाल मिळते. दुसऱ्यात कोणत्या ओळीत कोणत्या माणसाकडे बोट आहे तेही कळते.

१९७१ मध्ये पानिनी कंपनीने काढलेल्या तबकडीत गॅबी परत आला होता आणि निइहाउवर जन्मलेला मो केअले पाचवा म्हणून सामील झाला होता. संगीत जितके दर्जेदार, तितकीच त्या तबकडीची भूमिका स्पष्ट: हे लोकसंगीत आहे, करमणुकीचा नमुना नव्हे. मंडळींत कुरबुरी होत्या, गॅबी येई-जाई, त्याने पुढे स्वतंत्र मार्ग धरला आणि १९७० च्या दशकात राय कूडरबरोबर ध्वनिमुद्रणही केले. तो तपशील इथे फार महत्त्वाचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हवाईयन पुनरुत्थानाचे श्रेय बारमध्ये वाजवणाऱ्या मध्यमवयीन चौघांना का द्यायचे? तरुणांना हलवले ते पीटर मून आणि काझिमेरो बंधूंच्या 'संडे मानोआ'ने, १९६९ च्या 'ग्वावा जॅम'ने. आणि खरी लढाई रस्त्यावर झाली. १९७६ मध्ये काहोओलावे बेटावरच्या लष्करी बॉम्बफेकीविरुद्ध जे उतरले, त्यांतला जॉर्ज हेल्म हा गायक पुढच्याच वर्षी समुद्रात नाहीसा झाला. १९७८ च्या संविधान परिषदेने हवाईयनला राज्याची अधिकृत भाषा केले, ते आंदोलनाच्या रेट्याने, तबकड्यांनी नव्हे. हे सगळे मान्य. सन्सने मोर्चे काढून इतिहास घडवला असा माझा दावा नाही. पण भाषा अधिकृत करण्यासाठी आधी ती गाण्याजोगी, अभिमानाने ऐकण्याजोगी वाटावी लागते, आणि त्या वाटण्याची पायाभरणी १९६० पासून होत होती. संडे मानोआच्या आरंभीच्या संचात गॅबीचा मुलगा सिरिल होता; दोन पिढ्यांमध्ये भिंत नव्हती.

तिसरी अडचण मंडळींच्या आतलीच आहे, आणि तिला मी उत्तर देऊ शकत नाही, फक्त नोंदवतो. फीट रॉजर्सची स्टील गिटारची जुळणी त्याच्या घराण्याची होती आणि त्याने ती उघड केली नाही. १९८३ मध्ये तो गेला. तारा सैल करायच्या जुळण्या घरात झाकून ठेवणे हीही जुनीच रीत. म्हणजे एकाच मंचावर एक जण दारोदार फिरून गुपिते गोळा करीत होता आणि शेजारी दुसरा आपले गुपित राखीत होता, आणि दोघेही परंपरेशी प्रामाणिक होते. परंपरा म्हणजे सगळे खुले करणे, ही कल्पना आपल्या काळाची आहे. त्या माणसांनी ती मानायलाच हवी असे नाही.

कामाएने मात्र आपली बाजू शेवटपर्यंत धरली. १९८८ मध्ये त्याने सॅम लिआवर माहितीपट केला आणि पत्नी मिरना यांच्या साथीने पुढे असे अनेक माहितीपट काढले. संगीतातले काम अपुरे वाटले म्हणून नव्हे; गाण्यामागची माणसे, त्यांचे चेहरे आणि त्यांचे बोलणे सुटून चालले होते म्हणून. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला संस्थेने त्याला वारसा सन्मान दिला. २०१७ मध्ये तो वारला.

या सगळ्यात डेनिस कामाकाहीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९५३ मध्ये जन्मलेला हा तरुण विशीत असताना सन्समध्ये आला, गॅबीची जागा घेतली आणि हवाईयनमध्ये शेकडो गाणी लिहिली. 'वाहिने इलिकेआ' हे त्याचे मोलोकाई बेटावरचे गीत आज लग्नांत, शाळांत, हुला नृत्यांत इतके मुरले आहे की ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले गेले हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटावे.